कापसाचे फूल पांढरे की गुलाबी?





गेल्या हंगामातील एक प्रसंग सांगून सुरुवात करतो. चौथीच्या मुलांना बाईंनी घरचा अभ्यास दिला होता : कपाशीचे फूल पाहून त्याचे चित्र काढा. आपल्या तामसी परिसरात कपाशीचे फूल शोधायला कोणाला लांब जावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. बहुतेकांनी फूल पांढरट पिवळे रंगवले होते. एका मुलीने मात्र ते गुलाबी रंगवले होते. त्या दिवशी बाई रजेवर होत्या, म्हणून वह्या आम्हीच तपासायला घेतल्या आणि त्या गुलाबी फुलाखाली लाल शाईने 'रंग चुकला' असे लिहून टाकले.

मुलगी काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. हातात एकाच झाडाची फांदी, तिच्यावर एक फूल पांढरट आणि दुसरे गुलाबी. आमची चूक झाली होती, हे वर्गासमोर कबूल करावे लागले. पण प्रश्न तिथेच संपला नाही. वर्गात वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, एका पऱ्हाटीला दोन जातींची फुले येतात. कोणी म्हणाले, गुलाबी ते रोगट. शेतात जन्म गेलेल्या घरांतली ही मुले. दोन्ही रंग सर्वांनी पाहिले होते, पण उत्तर कोणापाशीच पक्के नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यापाशीही नव्हते.

बाई रुजू झाल्यावर त्यांनी एक सोपा उपाय केला. शाळेलगतच्या शेताच्या बांधावरच्या चार झाडांवर सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधला. मुलांनी त्या फुलांचे चित्र सकाळी काढले, शाळा सुटताना काढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले. सकाळी पांढरट असलेले फूल संध्याकाळकडे गुलाबी छटा घेऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी पुरते गुलाबी झाले. पुढे ते कोमेजून गळाले आणि आत इवलेसे बोंड दिसू लागले. फुले दोन जातींची नव्हती. एकाच फुलाचा तो पहिला आणि दुसरा दिवस होता. फूल उमलल्यानंतर पाकळ्यांत लाल रंगद्रव्य तयार होत जाते, हे शास्त्रीय कारण बाईंनी नंतर सांगितले. नंतर सांगितले, हे महत्त्वाचे. आधी मुलांनी पाहिले, मग कारण ऐकले.

या प्रसंगातून आपल्या शाळेत तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी 'निसर्गवही' सुरू झाली. आता तिला वर्ष होत आले आहे. तिच्याबद्दल काही पालकांच्या तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत, आणि विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत शनिवारच्या त्या दोन तासिकांचे काय करायचे हा विषय ठेवला गेला आहे. म्हणून आमचे म्हणणे या अंकात सविस्तर मांडत आहोत.

निसर्गवही म्हणजे काय?

प्रत्येक मुलाला एक कोऱ्या कागदांची वही. दर शनिवारी दोन तासिका मुले बाहेर जातात. बाहेर म्हणजे शाळेचे मैदान, कुंपण, हातपंपाजवळची ओल, रस्त्याकडेची झाडे. मूल एक वस्तू निवडते : पान, मुंगी, शेंग, पिसू, ढग, काहीही. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा आणि हवामान लिहायचे. मग चित्र काढायचे. चित्राशेजारी पट्टीने मोजून लांबी-रुंदी लिहायची. खाली तीन वाक्ये : मला काय दिसले, मला काय प्रश्न पडला, आणि हे पाहून मला कशाची आठवण झाली. ही तीन वाक्यांची रीत आमची नव्हे. अमेरिकेतील चित्रकार व निसर्गशिक्षक जॉन म्यूर लॉज यांनी ती लोकप्रिय केली आहे. आम्ही ती आपल्या पद्धतीने घेतली.

नियम एकच. जे दिसले तेच काढायचे. जे माहीत आहे ते नाही, पुस्तकात आहे ते नाही, शेजाऱ्याच्या वहीत आहे तेही नाही.

हा नियम वाटतो तितका सोपा नाही. कोणत्याही मुलाला झाड काढायला सांगा, ते दोन उभ्या रेघा आणि वर एक हिरवा ढग काढील. ते झाड जगात कुठेच नाही. ते डोक्यातले झाड आहे. निसर्गवही मुलाला डोक्यातल्या झाडाकडून समोरच्या झाडाकडे नेते, आणि आमच्या मते विज्ञानाची पहिली पायरी हीच आहे.

पळसाला पाने तीनच, पण कशी?

'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण सगळे वापरतो. फाल्गुनात आपल्या शिवारात पळस फुलतो तेव्हा पाने बहुधा झडलेली असतात, म्हणून मुलांनी पाने पावसाळ्यानंतर काढली. चित्र काढताना एका मुलाच्या लक्षात आले की तीन पाने सारखी नाहीत. मधले दोन्ही बाजूंनी सारखे असते, पण बाजूची दोन एका अंगाला फुगलेली, वाकडी असतात. म्हण पाठ असलेल्या आम्हा मोठ्यांनी हे कधी पाहिले होते काय? आणि वनस्पतिशास्त्र तर सांगते की ती तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. हा धडा पुढच्या इयत्तेत येईल तेव्हा या मुलाला तो पाठ करावा लागणार नाही.

दुसरे उदाहरण मृगाच्या किड्याचे. पहिला पाऊस पडून गेला की मखमलीसारखा लाल जीव जमिनीवर दिसू लागतो. आपण मराठीत त्याला मृगाचा किडा म्हणतो. आपले तेलुगू शेजारी त्याला 'आरुद्र पुरुगु' म्हणतात. एकाने मृग नक्षत्राचे नाव दिले, दुसऱ्याने त्याच्या पुढच्या आर्द्रा नक्षत्राचे. मुलांनी चित्र काढताना पाय मोजले. आठ भरले. कीटकाला सहा पाय असतात हे पुस्तकात वाचलेले. मग हा किडा कीटक नाही काय? नाही. तो कोळ्याच्या गोत्यातला जीव आहे. हे उत्तर बाईंनी सांगितले, पण प्रश्न मुलांच्या पेन्सिलीतून आला. नुसते पाहिले असते तर पाय कोणी मोजले नसते. चित्र काढायचे म्हणजे प्रत्येक पाय कुठून निघतो ते ठरवावे लागते, आणि ठरवायचे म्हणजे पुन्हा पाहावे लागते.

चित्राचा उपयोग इथेच आहे. चित्र हे शोभेसाठी नाही. ते पाहण्याचे साधन आहे, जसा काट्याचा तराजू वजनाचे साधन.

ही गोष्ट नवी नाही. जर्मनीत १६४७ साली जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन हिने तेराव्या वर्षी रेशमाच्या किड्यांचे निरीक्षण करून चित्रे काढायला सुरुवात केली. किडे चिखलातून आपोआप उपजतात असा समज तेव्हा पुष्कळ लोकांत होता. मेरियनने अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू यांची चित्रे ते जीव ज्या झाडावर जगतात त्या झाडासह काढली. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे जाऊन केलेल्या कामाचा तिचा ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला. तिच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. डोळे होते, कुंचला होता आणि धीर होता. आमच्या पाचवीच्या मुलांनी रुईच्या झाडावर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या पाहून त्यांचे कोश होईपर्यंत चित्रे काढली, तेव्हा मेरियनची गोष्ट आम्ही वर्गात सांगितली. मुलांना ती परकी वाटली नाही.

आमची स्वतःची चूक

येथे थोडे स्वतःविषयी. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या मराठीत अजूनही हिंदीची छटा येते, हे आमचे सहकारी हसत हसत सांगतात आणि ते खरेही आहे. हिंदीत 'निरीक्षण' म्हणजे तपासणी. साहेब शाळेचे 'निरीक्षण' करायला येत, आणि त्या दिवशी आम्ही नखे कापून जात असू. मराठीत ज्याला निरीक्षण म्हणतात त्याला आमच्या हिंदी पुस्तकांत 'अवलोकन' किंवा 'प्रेक्षण' असा शब्द असे. आता मागे वळून पाहताना वाटते की आमची सारी चूक या एका शब्दात आहे. इतकी वर्षे आम्ही मुलांच्या वह्यांचे हिंदीतले निरीक्षण करत राहिलो. मराठीतले निरीक्षण मुलांना शिकवायचे राहून गेले.

आम्ही विद्यार्थी असताना जास्वंदीच्या फुलाची आकृती फळ्यावरून वहीत उतरवून घेत असू. नावे उजव्या बाजूला, रेघा पट्टीने, खाली शीर्षक. शाळेच्या कुंपणाला जास्वंद फुललेली असे. तिचे एक फूल तोडून उघडून पाहा, असे आम्हाला कोणी म्हटले नाही. पुढे शिक्षक झाल्यावर आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांना म्हटले नाही. सुबक आकृतीला पूर्ण गुण देत राहिलो. गुलाबी फुलाखाली मारलेली ती लाल शाई अचानक आलेली नव्हती. ती पुष्कळ वर्षांची सवय होती.

गंमत अशी की याच हिंदी प्रदेशात फार चांगले काम होऊन गेले आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी तो सुरू केला, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने वाढवला. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुले टोळी करून शेतात, ओढ्यावर जात, प्रयोग करत, चित्रे काढत आणि उत्तर स्वतःच्या वहीत स्वतः लिहीत. परीक्षेला वही-पुस्तक सोबत ठेवायची परवानगी असे. हा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. तो कसा होता हे वाचताना आम्हाला दरवेळी वाटते की चांगल्या कामाच्या मागे पालक आणि गाव उभे राहिले पाहिजे, नाहीतर ते एका आदेशाने थांबते.

आपल्या जवळचे उदाहरण वर्ध्याचे. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत देवीप्रसाद हे शांतिनिकेतनात शिकलेले कलाशिक्षक १९४४ पासून १९६२ पर्यंत होते. कला हा वेगळा विषय नसून शिक्षणाचे वाहन आहे, हा त्यांचा विचार. 'शिक्षा का वाहन : कला' हे त्यांचे हिंदी पुस्तक आम्ही शिक्षक झाल्यावर वाचले आणि तरीही ते वर्गात आणायला आम्हाला इतकी वर्षे लागली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला तयार केली. तीतही मुलांनी पाहावे, करून पाहावे, चित्र काढावे, आपल्या शब्दांत सांगावे यावर भर आहे. म्हणजे ही लहर कोणा एका तामसीच्या मुख्याध्यापकाची नाही.

पालकांचे प्रश्न

आता तक्रारींकडे येऊ. पहिली तक्रार : पाचवीच्या मुलांना नवोदय आणि गुरुकुलाच्या प्रवेश परीक्षा आहेत, शनिवारच्या दोन तासिका त्या तयारीला द्याव्यात.

ही तक्रार आम्ही हलकी मानत नाही. नवोदयला एका मुलाची निवड झाली तर त्या घराची पुढची सात वर्षांची चिंता मिटते, हे आम्ही जाणतो. शेतकरी आणि मजूर घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. त्या परीक्षेत विज्ञान विषय नाही. बौद्धिक क्षमता, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात. बौद्धिक भागात आकृत्यांमधला फरक ओळखायचा असतो, आरशातली आकृती ओळखायची असते. चित्र काढणाऱ्या मुलाला तिथे मदत होईल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसा दावा आम्ही करणार नाही, कारण तो आम्ही तपासून पाहिलेला नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. वर्गातील थोडीच मुले नवोदयला जातील. उरलेली आपल्यापाशी राहतील, आणि त्यांचा शनिवार काढून घेणे योग्य नाही. ज्यांना तयारी हवी त्यांच्यासाठी सकाळची प्रार्थना होण्याआधी एक तास वर्ग घेण्याची आमची आणि गणिताच्या सरांची तयारी आहे. दोन्ही होऊ शकेल.

दुसरी तक्रार : चित्र काढून काय मिळते, मोबाईलवर फोटो काढला तर काम लवकर होईल. होईल. फोटो क्षणात निघतो आणि क्षणात विसरला जातो. चित्र काढायला वीस मिनिटे लागतात, आणि ती वीस मिनिटे मूल त्या वस्तूकडे पाहत असते. आम्हाला चित्र नको आहे, ती वीस मिनिटे हवी आहेत.

तिसरी तक्रार : आमच्या मुलाला चित्रकला येत नाही, त्याचे गुण जातील. निसर्गवहीला गुण नाहीत. सुंदर चित्राला शाबासकीही नाही. एका मुलाची मुंगी बटाट्यासारखी दिसते, पण त्याने तिचे तीन भाग काढले आहेत आणि सहाही पाय मधल्या भागातून निघताना दाखवले आहेत. ती मुंगी आमच्या दृष्टीने उत्तम.

चौथी गोष्ट सुरक्षेची, आणि ती अगदी रास्त आहे. २०१७ च्या हंगामात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. म्हणून फवारणी झालेल्या किंवा होण्याची शक्यता असलेल्या शेतात मुले जात नाहीत, बांधावरही मालकाला विचारल्याशिवाय जात नाहीत. टिपेश्वर अभयारण्यातील वाघ नदी ओलांडून आपल्या भागात येतात हेही सर्वांना माहीत आहे. म्हणून रानाच्या दिशेला जायचे नाही. पायात चप्पल हवी, दगड उचलायचा नाही, बिळात हात घालायचा नाही. सोबत दोन शिक्षक असतात. ज्या दिवशी एकच शिक्षक हजर असतात त्या दिवशी मुले कुंपणाच्या आतच बसतात, आणि तिथेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

शेतीला उपयोग काय?

एक पालक आम्हाला सरळ म्हणाले, "सर, फुलं काढून पोट भरत नाही." त्यांचे बरोबर आहे. पण त्याच २०१७ साली विदर्भात आणि आपल्या भागातही गुलाबी बोंडअळीने कपाशीचे काय केले ते आपण सर्वांनी सोसले आहे. या अळीची पहिली खूण बोंडात नाही, फुलात दिसते. अळी आत शिरून पाकळ्या धाग्यांनी जखडते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखे राहते. त्यालाच आपण डोमकळी म्हणतो. अशा कळ्या वेळेवर वेचून नष्ट कराव्यात, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. ज्या मुलाने निरोगी फुलाची पहिल्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची चित्रे स्वतः काढली आहेत, त्याला न उमललेले फूल वेगळे दिसेल. इतरांना ते गुलाबी फूलच वाटेल. तसेच मावा कोणता आणि मावा खाणारा ढालकिडा कोणता, हे ज्याने काढून पाहिले तो मित्राला शत्रू समजून मारणार नाही. लहान मुलांनी शेतीचा सल्ला द्यावा असे आमचे म्हणणे नाही. पण पाहण्याची सवय लहानपणी लागते, ती पंचविसाव्या वर्षी लावता येत नाही.

नावांची गोष्ट

आपण सीमेवरची माणसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा तालुके तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आधी आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगणा. आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या याच काळ्या मातीत आहेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत तेलुगू-इंग्रजी, जुन्या लोकांत उर्दूही. शेजारच्या गुड्यांत गोंडी आणि कोलामी. निसर्गवहीत आम्ही एक रकाना ठेवला आहे : या झाडाला कोण काय म्हणते? पळस म्हणजे तेलुगूत मोदुग, मोह म्हणजे इप्प, लिंब म्हणजे वेप, बाभूळ म्हणजे तुम्म. वर्गातील गोंड मुलांनी आपली नावे सांगितली तेव्हा इतर मुलांनी ती लिहून घेतली. एरवी वर्गात मागे बसणारी ती मुले त्या दिवशी सर्वांचे गुरू झाली. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलेला निसर्गवहीचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच असेल.

मारुती चितमपल्ली यांचे नाव मराठी वाचकांना सांगायला नको. वनखात्याची नोकरी करता करता त्यांनी रानातील माणसांकडून झाडा-पाखरांची नावे टिपून घेतली आणि त्यातून मराठीला मोठा शब्दसाठा दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्यासारखा माणूस कोठे घडतो? नोंदवहीत घडतो. सालिम अली यांनीही १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याची घरटी दिवसच्या दिवस पाहून नोंदी केल्या. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी, पण घरटे विणतो नर, हे पाहूनच कळते. त्यानंतर लगेच त्यांनी तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा त्याच संस्थानात होता.

आपली मुले मराठी माध्यमात शिकतात, पण मराठी शब्द त्यांच्या तोंडून कमी होत आहेत, ही खंत विश्वस्त मंडळाने अनेकदा व्यक्त केली आहे. भाषा नुसत्या भाषणस्पर्धेने टिकत नाही. देठ, शीर, कोंब, मोहोर, बहर, पाते, बोंड, सरकी हे शब्द ज्याच्या हाताखालून चित्र होऊन जातात, त्याच्या तोंडून ते सहसा जात नाहीत.

आमच्याही मर्यादा

वर्षभरात चुका झाल्या त्या लपवत नाही. सुरुवातीला आम्ही चांगल्या वह्या फलकावर लावल्या. लगेच घरोघरी ताई-दादा चित्रे काढून देऊ लागले, रंगीत चकचकीत पाने येऊ लागली. ती पाने सुंदर होती आणि निरुपयोगी होती. फलक बंद केला, वही शाळेतच ठेवायची असा नियम केला. दुसरे, नुसते चित्र म्हणजे विज्ञान नव्हे. दोरा बांधून पाहिला म्हणून कपाशीचा प्रश्न सुटला. चित्रासोबत मोजमाप, तुलना आणि करून पाहणे नसेल तर ती केवळ चित्रकलेची तासिका होईल. हे आम्ही शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगतो आणि स्वतःलाही.

आमची विनंती

विश्वस्त मंडळाला विनंती अशी की शनिवारच्या दोन तासिका आणखी दोन वर्षे राहू द्याव्यात. खर्च कोऱ्या वह्या, पेन्सिली, पट्ट्या आणि दहा-बारा भिंगे एवढाच आहे. दोन वर्षांनी तिसरीपासून वही केलेली मुले पाचवीत असतील. तेव्हा त्यांच्या वह्या मंडळाने स्वतः पाहाव्यात. आम्ही निवडलेल्या नव्हे, मंडळ सांगेल त्या मुलांच्या. काही दिसले नाही तर तासिका मागे घ्याव्यात, आम्ही एक शब्द बोलणार नाही.

पालकांना विनंती अशी की मुलाने शेतात काही पाहून 'हे काय' असे विचारले तर उत्तर द्यायची घाई करू नये. 'तुला काय दिसते?' असे उलट विचारावे. आणि मुलाला झाडाचे नाव माहीत नसेल तर आजीकडे पाठवावे. या गावातल्या आज्या हे आपले मोठे ग्रंथालय आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम. शाळेच्या वाटेवरचे एक झाड आपले म्हणून निवडा. दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच्याकडे पाहा. नवी पालवी किती, फूल आले का, फळ कधी पिकले, कोणते पाखरू आले, ते लिहा आणि काढा. देशातील पुष्कळ शाळांची मुले 'सीझनवॉच' या उपक्रमात असेच करतात. वर्षाच्या शेवटी त्या झाडाबद्दल या गावात तुमच्याइतके कोणालाच माहीत नसेल, मुख्याध्यापकांनाही नाही.

आणि तुम्ही जे पाहिले ते आमच्या पुस्तकाशी जुळले नाही तर गप्प बसू नका. त्या मुलीसारखी फांदी घेऊन या. आमच्या खोलीचे दार उघडे आहे, आणि लाल शाईचे पेन आम्ही सध्या खणात ठेवले आहे.

आपला,
मुख्याध्यापक